तीस अंशांतला ट्रेलर

"ट्रेलरचं मी बघतो," असं ग्रेडी टिलरी ईस्टरच्या जेवणात, तोंडात हॅमचा घास असताना म्हणाला, आणि पुढचे सहा महिने तो त्या घासाला दोष देत राहिला. तोंड रिकामं असलं की माणूस जरा विचार करून बोलतो, असं त्याचं म्हणणं. त्याची बायको मार्ला हिच्या मते तो रिकाम्या तोंडानेही हेच बोलला असता.

वाक्य तसं साधंच, पण ते कुणासमोर बोललं गेलं हे बघायला हवं. टेबलाच्या टोकाला मिस व्हर्ना बसल्या होत्या. मिस व्हर्ना म्हणजे मार्लाची आई. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी ग्रेडी त्यांना 'मिस व्हर्ना'च म्हणायचा, आणि म्हणताना नकळत शर्टाचं वरचं बटण लावायचा. चाळीस वर्षं, दर ऑक्टोबरात, मिस व्हर्ना आणि त्यांचे यजमान हार्लन पिंटेल कोव्हच्या तळ्यावर आपला ट्रेलर घेऊन जात आणि सत्तेचाळीस नंबरच्या जागेवर आठवडाभर राहत. दोन वर्षांपूर्वी हार्लन गेले. त्याच हिवाळ्यात मिस व्हर्नांनी ट्रेलर विकून टाकला. तेव्हापासून कुणी तळ्याचं नाव काढलं की त्या उठून भांडी घासायला लागत. घासलेली भांडीसुद्धा.

त्या दिवशी नाव काढलं ते ओपलने, म्हणजे सहा वर्षांच्या नातीने. "आजी, तळ्यावरची बदकं आता कुणाकडे पाव मागत असतील?"

सगळ्यांचे काटे-चमचे थांबले. मिस व्हर्ना उठल्या नाहीत. त्यांनी रुमालाने ओठ टिपले आणि शांतपणे म्हणाल्या, "मी हॉटेलात झोपणार नाही. तंबूत तर नाहीच. सत्तेचाळीस नंबरवर ट्रेलर उभा असेल, त्याच्या स्वयंपाकघराची खिडकी तळ्याकडे असेल, आणि मी पोचल्या पोचल्या कॉफी ठेवता येणार असेल, तर येईन. यातलं एक जरी कमी असलं तर गाडी वळवून घरी. आणि मग तळ्याचा विषय या घरात परत कुणी काढायचा नाही."

मार्लाचे डोळे भरून आले. दोन वर्षांत आईने 'येईन' हा शब्द पहिल्यांदा उच्चारला होता. अशा वेळी नवऱ्याने काहीतरी मर्दासारखं बोलावं असं नवऱ्याला वाटतंच. ग्रेडी बोलला.

आता ग्रेडीकडे ट्रेलर नव्हता. ट्रेलर ओढू शकेल अशी गाडीही नव्हती. जी होती ती चढावर स्वतःलाच कशीबशी ओढायची. तो हायस्कुलात नववीला भूमिती शिकवायचा आणि आयुष्यात त्याने मागे ओढलेली सर्वांत जड वस्तू म्हणजे ओपलची लाल खेळगाडी. पण हल्ली सगळ्याची सोय असते. ट्रेलर भाड्याने देणारी एक कंपनी होती. त्यांचा माणूस चाकांवरचं ते घर थेट तुमच्या जागेवर आणून लावतो, पाणी-वीज जोडतो, किल्ली हातात देतो आणि जातो. तुम्ही फक्त उशा घेऊन यायचं. जाहिरातीत एक कुटुंब उशा घेऊन हसत उभं होतं. ग्रेडीला ते कुटुंब फार आवडलं.

ते समोरच्या मि. ब्युफर्डना आवडलं नाही. मि. ब्युफर्ड यांचा स्वतःचा ट्रेलर त्यांच्या अंगणात बारा वर्षं ताडपत्रीखाली उभा होता, आणि त्याच्या एका चाकातून आता चांगलं मनगटाएवढं झाड वर आलं होतं. त्यामुळे गल्लीत या विषयावरचा शेवटचा शब्द त्यांचा.

"घरपोच ट्रेलर?" ते कुंपणावर रेलून म्हणाले. "पिझ्झासारखा?"

"जागेवर पोच, मि. ब्युफर्ड."

"गरम येतो का?"

ग्रेडी हसला, कारण वयाचा मान.

"त्याचा विजेचा प्लग तीस अँपियरचा की पन्नासचा?"

"बहुतेक मधला," ग्रेडी म्हणाला.

मि. ब्युफर्डनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग आवाज खाली आणून, दवाखान्यात बोलतात तसं बोलले, "एक लक्षात ठेव. ट्रेलर मागे घेताना मागे उभं राहून खुणा करणारं माणूस एकच पाहिजे. मी आणि लूआन एकतीस वर्षं सुखाने नांदलो. पण ट्रेलर मागे घेताना आम्ही एकमेकांना जे बोललोय ना, ते चर्चच्या पाद्रीला अजून सांगितलेलं नाही."

"मला कुठे मागे घ्यायचाय? त्यांचा माणूस घेणार."

"हं," मि. ब्युफर्ड म्हणाले. या 'हं'चा अर्थ ग्रेडीला ऑक्टोबरात कळला.

मग फोन सुरू झाले. तळ्यावरच्या रिसॉर्टच्या ऑफिसात शेल्बी नावाची बाई होती. तिचा आवाज इतका गोड की नकार ऐकून झाल्यावरही माणूस दोन मिनिटं खूश असायचा.

"सत्तेचाळीस नंबर रिकामा आहे रे राजा," ती म्हणाली, "पण तुझ्या नावाने धरून ठेवता येत नाही मला. ट्रेलरच्या पाटीचा नंबर दे आणि लांबी दे, की झालंच म्हणून समज."

ग्रेडीने कंपनीला फोन केला. तिथे ट्रॅव्हिस नावाचा गृहस्थ होता. "पाटीचा नंबर? कुठला ट्रेलर जाणार ते त्या दिवशी सकाळी ठरतं, सर. आणि जागेचा नंबर पक्का असल्याशिवाय आम्ही ट्रेलर ठरवतच नाही."

"जागा पक्की व्हायला ट्रेलर लागतो."

"बरोबर आहे, सर. आणि ट्रेलर पक्का व्हायला जागा."

"मग लोक काय करतात?"

ट्रॅव्हिसने प्रामाणिकपणे विचार केला. "लोक बहुतेक स्वतःचा ट्रेलर घेतात, सर."

वर्तुळाला सुरुवात नसते आणि शेवट नसतो, हे ग्रेडी दरवर्षी एकशेवीस मुलांना फळ्यावर काढून दाखवायचा. आता ते त्याला मनापासून पटलं. मे महिना गेला, जून गेला. शेल्बीला त्याच्या ओपलच्या दातांपासून सगळं ठाऊक झालं. अकराव्या फोनला त्याने शेवटी मिस व्हर्नांचं सांगितलं. हार्लनचं, विकलेल्या ट्रेलरचं, घासलेली भांडी परत घासण्याचं. पलीकडे शेल्बीने नाक ओढल्याचा आवाज आला.

"सोन्या, पाटीचं राहू दे. नुसती लांबी सांग, मी टाकते नाव."

ग्रेडीने समोरचा रंगीत कागद पाहिला. मोठ्या अक्षरात लिहिलं होतं 'मॉडेल २६'. "सव्वीस फूट," तो म्हणाला.

"अठ्ठावीसपर्यंत चालतं. झालं तुझं काम!"

इथे, वाचकहो, एक मिनिट थांबायला हवं होतं. सव्वीस फूट ही नुसत्या खोलीची लांबी. त्याच्या पुढे, गाडीला अडकवायला, लोखंडी दांडा असतो. तो चार फूट. पिंटेल कोव्हवर शेंबडं पोरसुद्धा लांबी सांगताना दांडा धरून सांगतं. पण ग्रेडीला कुणी विचारलं नाही आणि त्यालाही कुणाला विचारावंसं वाटलं नाही, कारण त्याला एकदम फार हलकं वाटत होतं.

त्या हलकेपणात त्याने मक्याच्या पोह्यांच्या खोक्याचा ट्रेलर केला. जागेचा नकाशा टेबलावर खडूने काढला, तळ्याच्या जागी निळी बशी ठेवली. सत्तेचाळीस नंबरवरून तळं दिसतं ते दोन पाइनच्या झाडांमधल्या फटीतून, बाजूला अंघोळीची आणि शौचालयाची बैठी इमारत आहे. ट्रेलर सरळ मागे घेतला की स्वयंपाकघराची खिडकी नेमकी त्या फटीसमोर येते. त्याने तीनदा कोनमापकाने तपासलं. ओपलने खिडकीत आजी काढली. आजीच्या हातात बदक होतं. सगळं जुळलं होतं.

ऑक्टोबरातला तो गुरुवार उजाडला. मार्ला दुपारी आईला आणि ओपलला घेऊन निघणार होती, चारपर्यंत पोचणार होती. ग्रेडी सकाळीच पुढे गेला. फाटकावर लमार नावाचे सत्तरीतले गृहस्थ होते. डोक्याला गवताची टोपी, हातात कागदांची पाटी आणि कमरेला मोजायची टेप.

"टिलरी," ग्रेडी म्हणाला. "सत्तेचाळीस नंबर."

"ट्रेलर कुठाय?"

"मागून येतोय. कंपनीचा माणूस आणतोय."

"मग तुम्ही अजून इथले नाही. ट्रेलर जागेवर लागला की माणूस इथला होतो. तोवर तो नुसता भेटायला आलेला."

"बरं, मी भेटायला आलोय."

"कुणाला?"

"सत्तेचाळीस नंबरला."

"तिथे कोण उतरलंय?"

"मी उतरणार आहे."

लमारनी कागद उलटला, पुन्हा सुलटा केला. "म्हणजे तुम्ही तुम्हाला भेटायला आलात."

"हो, असं म्हणता येईल."

"ज्याला भेटायचं त्याची परवानगी लागते."

"माझी आहे."

"मग सही करा. इथे तुमची, आणि खाली तुमची."

ग्रेडीने दोन्हीकडे सही केली. लमारनी दोन्ही सह्या जुळवून पाहिल्या, समाधानाने मान हलवली आणि गाडीच्या काचेवर पिवळा पास चिकटवला. त्यावर लिहिलं होतं, 'पाहुणा. राहण्याची परवानगी नाही.'

कंपनीने दहा ते दोन ही वेळ दिली होती. दोनला पाच मिनिटं असताना ट्रेलर आला. भल्यामोठ्या गाडीतून रोंडा नावाची बाई उतरली. दंड सुताराचे, चेहऱ्यावर पुतळ्याची शांतता, गालात च्युइंगम. चौदा वर्षांत तिने शेकड्यांनी ट्रेलर लावले होते आणि त्यातला एकही तिला विशेष वाटलेला नव्हता. लमारनी टेप काढली, पुढून मागून मोजलं आणि म्हणाले, "तीस."

"सव्वीस," ग्रेडी म्हणाला.

"दांडा धरून तीस."

"दांडा कशाला धरायचा? दांड्यात कुणी झोपतं का?"

"दांडा रस्त्यात आला तर त्यावर लोक पडतात. सत्तेचाळीस नंबर अठ्ठावीस फूट. बसत नाही." लमारनी टेप सोडली, ती सुर्रकन आत गेली. "तुम्हाला मागच्या बाजूला एकशेबारा देतो. कचऱ्याच्या पेट्यांशेजारी. शांत असतं."

ग्रेडीने घड्याळ पाहिलं. दोन तासांत मिस व्हर्ना येणार होत्या. कचऱ्याच्या पेट्या बघून त्या गाडीची काचसुद्धा खाली करणार नाहीत. आणि मग ते दिवसभर भांडी घासणं, पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी. त्याला मार्लाचा ईस्टरचा चेहरा आठवला. आणि मग, वर्गात कधी कधी व्हायचं तसं, त्याच्या डोक्यात एकदम उजेड पडला.

"जागेची रुंदी किती?"

"वीस. का?"

ग्रेडीने लमारच्या पाटीवरचा कागद ओढून त्याच्या कोऱ्या बाजूवर आकृती काढली. "हा तीस फुटांचा ट्रेलर. सरळ लावला तर दोन फूट बाहेर. पण तीस अंशांत तिरका लावला, तर इथून इथपर्यंत किती? अठ्ठावीसला बोटभर कमी! आणि रुंदीत विसाच्या आत. बसतो!"

लमारनी आकृती बघितली. रोंडाने बघितली. च्युइंगमचा एक फुगा निघाला, फुटला.

"नियमात तिरकं लावू नये असं कुठे लिहिलंय?" ग्रेडीने विचारलं.

"लिहिलेलं नाही," लमार नाराजीने म्हणाले. "कारण इतक्या वर्षांत कुणाला ते सुचलं नाही."

ग्रेडीची छाती दोन इंच फुगली. नववीच्या वर्गात 'सर, हे आयुष्यात कुठे वापरतात?' असं दरवर्षी विचारतात. त्या सगळ्या पोरांना त्या क्षणी फाटकावर आणून उभं करावंसं त्याला वाटलं. तिरकं करायचं ते एकाच बाजूला शक्य होतं, दुसरीकडे पाइनचं झाड आडवं होतं. त्या बाजूला तिरकं केल्यावर खिडकीचं काय होईल, हा प्रश्न त्याच्या मनात आला नाही. यशस्वी माणसाच्या मनात तसे प्रश्न येत नाहीत.

पिंटेल कोव्हवर दुपारी दोन ते चार कुणी झोपत नाही. ती नव्या लोकांनी ट्रेलर मागे घेत जागेवर लावायची वेळ. लोक घडीच्या खुर्च्या घेऊन बाहेर येतात, उकडलेल्या शेंगांचे वाडगे मांडीवर घेतात आणि बघतात. यात कुणाला काही गैर वाटत नाही. आज आपण बघायचं, उद्या आपल्याला बघतात. रोंडाची गाडी वळणावर आली तेव्हा सतरा खुर्च्या लागल्या होत्या.

"मागे उभे राहा आणि खुणा करा," रोंडाने खिडकीतून सांगितलं.

"मी?"

"कंपनीचा नियम. ज्याने भाड्याने घेतलाय त्यानेच खुणा करायच्या. काही आपटलं तर त्याच्या खुणेने आपटलं."

मि. ब्युफर्डचा 'हं' ग्रेडीच्या कानात घुमला. तो मागे जाऊन उभा राहिला. पहिल्या खेपेला त्याने डावीकडे हात केला. स्वतःच्या डावीकडे की रोंडाच्या, हे त्याचं ठरलेलं नव्हतं, त्यामुळे मध्येच त्याने हात बदलला. ट्रेलरने जागेवरच्या लाकडी टेबलाला हळूच टेकून त्याला चार पावलं नेलं.

"टेबल पाहुण्यांना बघायला निघालं," खुर्च्यांतून एक म्हातारा म्हणाला.

दुसऱ्या खेपेला ग्रेडीने ओरडून सांगायचं ठरवलं. "तीस अंश! तीस! आता पंचवीस!"

रोंडाने गाडी थांबवली. "सर, माझ्या आरशात अंश नाहीत. 'ये' म्हणा नाहीतर 'थांब' म्हणा."

"ये... ये... ये..." ग्रेडी म्हणाला, आणि मग 'थांब' म्हणायच्या जागी त्याला शिंक आली. पाण्याचा नळ आडवा झाला. कारंजं उडालं. लमार गोल्फच्या छोट्या गाडीतून आले, कुठलातरी खटका फिरवून पाणी बंद केलं आणि शेवटच्या खुर्चीशेजारी उभे राहिले.

"अहो, हे तर आमच्या केसीचे भूमितीचे सर!" एक बाई एकदम आनंदाने ओरडली. "सर, मी केसीची आई! पालकसभेत भेटलो होतो!"

"केसी पास झाली का?" म्हाताऱ्याने विचारलं.

"नाही ना."

"हं," म्हातारा म्हणाला, आणि शेंग सोलली.

तिसऱ्या खेपेला काय झालं ते ग्रेडीला नीट आठवत नाही. त्याचे दोन्ही हात चालू होते एवढं खरं. शेवटी गाडी एका दिशेला, ट्रेलर दुसऱ्या दिशेला, आणि दोघांच्या मध्ये वळणाचा सगळा रस्ता बंद, असं चित्र तयार झालं. रस्त्यावर मागे छोट्या गाड्यांची रांग लागली. रांगेतल्या एका बाईने हॉर्न वाजवला आणि लगेच हात हलवून माफीही मागितली. ग्रेडी ओल्या बुटांनिशी मधोमध उभा होता. त्याने रांगेच्या टोकाकडे पाहिलं. तिथे मार्लाची निळी गाडी उभी होती. चारला दहा कमी होते. मिस व्हर्ना आयुष्यात कुठेही उशिरा पोचल्या नव्हत्या.

त्याला वाटलं, संपलं. पुढच्या सीटवर त्या ताठ बसल्या होत्या, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. मार्ला त्यांच्याशी काहीतरी बोलत होती, त्या तिच्याकडे बघत नव्हत्या. त्या बघत होत्या सत्तेचाळीस नंबरकडे. रिकाम्या.

मग गाडीचं दार उघडलं. ग्रेडी धावत गेला. "मिस व्हर्ना, पाच मिनिटं. फक्त पाच मिनिटं. लांबीचा जरा घोळ झाला, आणि नळ, पण ते होईल. कॉफीचं भांडं आहे आत. मी बघतो सगळं, तुम्ही बसून—"

"हे धर," मिस व्हर्ना म्हणाल्या आणि पर्स त्याच्या हातात दिली.

त्या रांगेच्या कडेकडेने चालत आल्या. खुर्च्यांसमोरून गेल्या तेव्हा शेंगा सोलायचा आवाज थांबला. लमारनी टोपी काढली. त्या गाडीच्या खिडकीशी थांबल्या आणि रोंडाला म्हणाल्या, "बाई, हे सरळ करून थोडी पुढे घ्या. मी म्हणेन तेव्हा मागे."

"खुणा भाड्याने घेणाऱ्याने करायच्या असतात, मॅम," रोंडा म्हणाली. मग तिने आरसा आभाळाकडे वळवला, परत खाली आणला, आणि च्युइंगम दुसऱ्या गालात घेतलं. "पण हा आरसा फार खराब आहे. मागे कोण उभंय ते नीट दिसत नाही. नुसते हात दिसतात."

मिस व्हर्ना जागेच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. दोन्ही हात खांद्यापर्यंत वर घेतले. कणीक चाचपून बघावी तसे तळवे हवेत ठेवले. मग एका हाताची बोटं जराशी हलली आणि तीस फुटांचं ते धूड त्या बोटांच्या मागे मागे आलं. बोटं थांबली, ते थांबलं. मनगट वळलं, ते वळलं. एकही शब्द नाही. झाडाच्या बुंध्याला वीतभर अंतर राखून, टेबलाला वळसा घालून, बरोबर तिरका होऊन ट्रेलर आत शिरला, आणि शेवटी दोन तळवे एकमेकांजवळ आले, आणखी जवळ, आणि मिटले. दांड्याचं टोक रस्त्याच्या पांढऱ्या रेघेच्या बोटभर आत होतं.

टाळ्या पडल्या. कुणीतरी शिट्टी मारली. रोंडाने इंजिन बंद केलं.

मिस व्हर्नांचे हात मात्र तसेच वर राहिले. त्या गाडीच्या दाराकडे बघत होत्या. चाळीस वर्षं इंजिन बंद झाल्यावर अशाच दारातून एकच माणूस उतरायचा आणि एकच वाक्य बोलायचा. ते वाक्य काय होतं हे ग्रेडीला माहीत नव्हतं. मार्लाला असावं, कारण ती गाडीतच तोंडावर हात धरून बसली होती. दार उघडलं, रोंडा उतरली. मिस व्हर्नांनी हात हळूहळू खाली घेतले आणि कुठे ठेवावेत ते न सुचल्यासारखे पोटाशी धरले.

मग ग्रेडीने त्या दिवशीचं सर्वांत शहाणपणाचं काम केलं. त्याने जाऊन त्यांच्या हातात पर्स परत दिली. त्यांनी ती घट्ट धरली.

"कॉफी," त्या म्हणाल्या.

आत सगळं छान होतं. चादरी कोऱ्या, भांडी चकचकीत. ओपल बिछान्यावर उड्या मारायला पळाली. बाटलीतल्या पाण्याने भरलेलं कॉफीचं भांडं चुलीवर चढलं. मिस व्हर्ना ओट्याशी गेल्या, खिडकीच्या पडद्याला हात घातला, आणि त्या क्षणी, सहा महिन्यांत पहिल्यांदाच, ग्रेडीच्या डोक्यात खोक्याचा ट्रेलर तीस अंशांत फिरला. निळी बशी खिडकीतून बाजूला सरकली.

"मिस व्हर्ना, थांबा, तो पडदा—"

पडदा सरकला. समोर अंघोळीची आणि शौचालयाची बैठी इमारत होती. दारात निळ्या टॉवेलमधली एक बाई साबणाची पेटी घेऊन रांगेत उभी होती. तळ्याचा थेंबही दिसत नव्हता.

कॉफी उकळायला लागली. कुणी आच कमी केली नाही.

"माझी चूक," ग्रेडी म्हणाला. "खोली सव्वीस, दांडा चार. तिरकं केलं की बसतो, पण खिडकी... मी तो विचारच केला नाही. तुमची अट होती. मला माहितीये. मार्ला तुम्हाला घरी—"

"अट," मिस व्हर्ना म्हणाल्या. त्या अजून खिडकीकडेच बघत होत्या. "अट मी का घातली माहितीये? तुला जमणार नाही अशी माझी खात्री होती."

"आई!" मार्ला दारातून म्हणाली.

"अगं, मग काय? याला आमच्या अंगणातला पाण्याचा पाइपसुद्धा नीट गुंडाळता येत नाही." त्यांनी पडदा आणखी बाजूला सारला. "तळ्याकडे बघत एकटीने भांडी घासायची भीती वाटत होती मला. महिनाभर तीच भीती वाटतेय. काल रात्री तर तुला फोन करून नाही म्हणणार होते." त्यांनी आच कमी केली. "तळं हार्लनला आवडायचं. मी आपली त्याच्यासाठी बघायचे. तसं तळ्यात घडत काहीच नाही रे."

ग्रेडी आणि मार्लाने एकमेकांकडे पाहिलं.

"ही कोण?" मिस व्हर्ना काचेजवळ सरकल्या. "निळ्या टॉवेलवाली? ती एकोणसाठ नंबरची पेगी तर नव्हे? केस रंगवलेत. आणि तिच्यामागे उभा आहे तो तिचा नवरा नाही. मार्ला, तो तिचा नवरा आहे का?"

"मला काय माहीत, आई!"

"नाही, तिचा बुटका होता. ओपल, ते उंच स्टूल आण इकडे. आणि कॉफी ओत मला, साखर नको. रविवारी किती वाजता निघायचं ठरवलंय तुम्ही?"

"सकाळी दहाला," ग्रेडी म्हणाला.

"संध्याकाळी निघू. सकाळी अंघोळीला फार गर्दी असते."

ग्रेडी बाहेर आला. ओले बूट काढून त्याने पायरीवर उन्हात ठेवले. खुर्च्या एकेक करून घरी जात होत्या. रोंडा गेली होती. लमार वाकडा नळ कसा सरळ होईल ते बघत बसले होते. ग्रेडी ट्रेलरच्या बाजूने फिरला, दांडा ते रेघ अंतर डोळ्यांनी पुन्हा एकदा मोजलं, आणि खिडकीसमोर, अंघोळीच्या इमारतीकडे पाठ करून, कमरेवर हात ठेवून उभा राहिला. इतकं अचूक बसलेलं काहीही त्याने फळ्याबाहेर कधी पाहिलं नव्हतं.

काचेवर टकटक झाली. त्याने वर पाहिलं. खिडकीत मिस व्हर्ना होत्या, एका हातात कप. दुसऱ्या हाताचा तळवा त्यांनी खांद्यापर्यंत वर घेतला आणि बोटं हलवली, बाजूला, अजून बाजूला, अजून थोडं.

ग्रेडी सरकत सरकत झाडामागे गेला. तिथे पोचल्यावर तळवा मिटला.